बिनबर्फाच्या गावात स्की : सोलापूरच्या पूर्व भागातल्या शेडच्या प्रकल्प नोंदी

३ एप्रिल २०२३

स्की बनवायला मागवलेला बेसचा (तळाच्या प्लास्टिकचा) रोल आणि एजच्या (कडेच्या पोलादी पट्ट्यांच्या) पेट्या आज शेडमध्ये उतरल्या. माल न्हावा शेवाला लागून बराच काळ झाला होता. एज खेळाच्या साहित्यात धरायच्या की पोलादी पट्ट्यांत, बेस हा स्कीचा सुटा भाग की नुसतं प्लास्टिकचं शीट, यावर कस्टमचे कागद इकडून तिकडे जात राहिले आणि गोदामाचं भाडं चढत राहिलं. तयार स्कीसाठी कस्टमच्या यादीत ९५०६ या क्रमांकाखाली सरळ नोंद आहे. स्की बनवायला कोणी माल मागवेल, आणि तोही सोलापूरला, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

स्कीच्या आत काय असतं ते एकदाच लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या नोंदी कळतील. सगळ्यात खाली बेस : पॉलिएथिलीनच्या खूप घट्ट जातीची, सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीची पट्टी. तिच्या दोन्ही कडांना पोलादी एज, बर्फात चावा घेण्यासाठी. एजवर रबराची पातळ फीत, कारण पोलाद आणि वरचे थर थंडी-उन्हात सारखे आकुंचन पावत नाहीत. मग काचेच्या धाग्यांचं कापड, त्यावर लाकडाचा कोअर, परत काच, आणि वर दिसणारं टॉपशीट. कोअरच्या कडेनं पाणी आत जाऊ नये म्हणून साइडवॉल. हे सगळं इपॉक्सीत, म्हणजे दोन भाग कालवले की घट्ट होणाऱ्या गोंदात, भिजवून साच्यात दाबायचं.

लाकूड, काच, इपॉक्सी देशात मिळतं. बेस आणि एज बाहेरून. थोडं मागवलं तर भाडं मालापेक्षा जड होतं, म्हणून वर्षाचं एकदम. पैसे आगाऊ, एप्रिलमध्ये. विक्री डिसेंबरात. मधले आठ महिने या धंद्याचं खरं दुखणं आहे, लाकूड आणि गोंद त्या मानानं सोपे.

शेड बाबांचं. यंत्रमाग भंगारात गेले, पण त्यांच्या पायाचे बोल्ट अजून फरशीतून वर आलेले आहेत. प्रेस त्यांनाच आवळला. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. फौजेतून निवृत्त, गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये स्की शिकलेला. गिऱ्हाईक त्याचं, कारखाना माझा, लाकूड सुतारमामांचं. एवढीच कंपनी.

२३ एप्रिल

दुपारी शेडमध्ये ४१ अंश. इपॉक्सी कालवल्यावर घट्ट होईपर्यंतची डब्यावर लिहिलेली मुदत २५ अंशांची असते : ४० मिनिटं. तापमान दहा अंशांनी चढलं की मुदत साधारण निम्मी होते. म्हणजे आमच्या हातात तेरा-चौदा मिनिटं, आणि एक जोडी भिजवून साच्यात बसवायला चांगला अर्धा तास लागतो. त्यात रेझिन-हार्डनर (इपॉक्सीचे दोन भाग) बादलीत कालवून ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेनं पेट घेतल्यासारखं तापतं, धूर येतो, बादली वितळते. पसरट ट्रेमध्ये ओतलं की उष्णता निघून जाते, थोडी उसंत मिळते. सावकाश हार्डनर मागवला आहे, तो महाग आहे आणि मुंबईहून यायला वेळ लागतो.

तोवर पहाटे चारला काम. त्या वेळी शेड २७-२८ वर असतं. मामांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे लग्नाच्या आचाऱ्यासारखं उठायचं म्हणा की." पण आले. चहाचा थर्मास घेऊन माझ्या आधी हजर.

७ मे

प्रेसबद्दल. मोठे कारखाने तापवता येणारे हायड्रॉलिक प्रेस वापरतात. आमच्यासारखे जगभरातले छोटे लोक अग्निशमनाचा होजपाइप वापरतात, आणि ते जुगाड वाटलं तरी गणित चोख आहे. वर-खाली लोखंडी गर्डर, मध्ये साचा, साच्यावर होज. होजमध्ये चौरस सेंटिमीटरला तीन किलोची हवा भरली की १८० सेंटिमीटर लांब आणि बारा सेंटिमीटर रुंद पट्ट्यावर सहा टनांच्या वर भार येतो, तोही सगळीकडे सारखा. स्कीचा कोअर टोकाला दोन मिलिमीटर आणि मधे अकरा-बारा मिलिमीटर जाड असतो. स्की कडक पाट्यानं दाबली तर जाड जागी सगळा भार जाईल. हवा असा भेदभाव करत नाही.

अडचण विजेची. पहाटे प्रेस लावला, सातला वीज गेली, कॉम्प्रेसर थांबला, कुठल्या तरी जोडातून हवा सुटत होती. इपॉक्सी अजून जेलीसारखं. दाब दीडवर आला तेव्हा दादानं ट्रकच्या टायरवाल्याकडून हातपंप आणला आणि आळीपाळीनं मारत बसलो. आता मधे एक जुनी हवेची टाकी आणि परत न फिरणारा व्हॉल्व्ह बसवला आहे. होज टाकीवर जगतो, कॉम्प्रेसर असो नसो.

२१ मे

पत्र्याखाली ५० अंश. सोलापूरच्या उन्हाळ्याचा एक फायदा सापडला : दाबून काढलेल्या जोड्या माळ्यावर साच्याच्या आकारात बांधून ठेवल्या की इपॉक्सी आणखी पक्कं होतं. इतर लोक यासाठी हीटर लावतात. आम्हाला महावितरणचं बिल नाही, नुसता घाम.

१४ जून

बँक. मुद्रा योजनेच्या 'तरुण' नावाच्या कर्जगटात दहा लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं, उद्यम नोंदणी आहे, शेड स्वतःचं आहे. साहेब सज्जन होते. फाइल पूर्ण वाचली, चहा मागवला आणि विचारलं, "मॅडम, टॉवेल का नाही करत? टेरी टॉवेलला आत्ता लगेच करून देतो." मी हिशेब दाखवला. त्यांना हंगामाचा तक्ता हवा होता : कोणत्या महिन्यात किती जमा. एप्रिल ते नोव्हेंबर शून्य, शून्य, शून्य. "हप्ता तर जुलैपासून सुरू होणार," ते म्हणाले. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्यांचा प्रश्न चुकीचाही नव्हता. शेतीला पीककर्ज असतं, पीक आल्यावर फेडायचं. बर्फावर पिकणाऱ्या धंद्याला तसली सोय नाही.

शेवटी रक्कम निम्म्याहून कमी मंजूर झाली. हप्ता जुलैपासूनच.

११ जुलै

लाकडाचा महिना. पॉप्लर यमुनानगरहून येतं, तिथल्या प्लायवुडच्या बाजारातून. हलकं, सरळ रेषांचं, गोंद छान पितं. पण एकटं पॉप्लर बाइंडिंगचे स्क्रू धरत नाही. बाइंडिंग म्हणजे बूट अडकवायची कडी. तिचा स्क्रू नऊ मिलिमीटर आत जातो, त्याहून खोल जाऊ शकत नाही, खाली बेस आहे. पडताना सगळा हिसका त्या नऊ मिलिमीटरवर. परदेशात मधे मेपल किंवा अॅशच्या पट्ट्या घालतात. सागवान इथे मुबलक, पण जड आणि तेलकट, इपॉक्सी त्याला नीट धरत नाही.

मामांनी बाभूळ काढली. बैलगाडीच्या चाकाला जी चालते ती इथे का नाही, असं त्यांचं म्हणणं. चिवट आहे, स्क्रूला घट्ट धरते, फक्त वाळवायला फार वेळ घेते आणि रंध्याचं पातं खाते. पायाखालच्या भागात दोनच पट्ट्या, बाकी पॉप्लर. चेनपुलीला तारेचा काटा लावून स्क्रू ओढून पाहिला. पॉप्लरमधला लाकूड सोलत बाहेर आला. बाभळीतल्या स्क्रूला ओढताना चेनपुलीचा हूक वाकला.

पावसाळी हवेत लाकडाची आर्द्रता आठ टक्क्यांवरून बारा-तेरावर जाते. त्या वेळी कोअर रंधून ठेवला तर हिवाळ्यात सुकून त्याची जाडी बदलते. जाडीचा प्रश्न साधा नाही. स्कीचा ताठपणा मुख्यतः दोन्ही बाजूंच्या काचेतून येतो, कोअर फक्त त्या दोघींना लांब धरून ठेवतो, त्यामुळे ताठपणा अंतराच्या वर्गानं वाढतो. जाडी दहा टक्क्यांनी वाढली की ताठपणा एकवीस टक्क्यांनी. टोकाला जिथे कोअर दोनच मिलिमीटर आहे तिथे दहा टक्के म्हणजे दोन दशांश मिलिमीटर, रंध्याचा एक जादा हात. डाव्या-उजव्या पायाच्या स्की एकसारख्या वाकल्या पाहिजेत, नाहीतर माणूस वळताना एका बाजूला ओढला जातो. म्हणून प्रत्येक कोअर आधी दोन ठोकळ्यांवर टेकवून मधे वीस किलोचं वजन ठेवतो आणि किती वाकला ते मोजतो. जुळणारे दोन सापडले की त्यांची जोडी. मामा याला गुण जुळवणं म्हणतात.

कोअर आता गोण्यांत नाही, जुन्या सुताच्या खोलीत बंद. तिथे खिडकी नाही, हवा कमी फिरते.

२७ ऑगस्ट

पाऊस नाही. सगळा ऑगस्ट कोरडा. उजनीची बातमी रोज वाचायची आणि ड्रम भरून ठेवायचे. लाकडाला मात्र बरं.

या महिन्यात टॉपशीट. छापील नायलॉन शीट बाहेरून येतं आणि त्यावर काहीही चित्र छापता येतं. पण ते सगळेच करतात. गुलमर्गच्या दुकानात रांगेत दोनशे स्की उभ्या असतात, त्यांत आमची कोणी का उचलावी? दादाचं मत होतं, मजबूत केली की झालं. माझं मत, मजबुती गिऱ्हाइकाला दुसऱ्या वर्षी कळते, पहिल्या वर्षी डोळ्यांना काही तरी लागतं. घराला लागून जॅकार्ड, म्हणजे नक्षी विणणारा माग, चालतो, सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि आम्ही ऑस्ट्रियातून प्लास्टिक आणायचं?

शेजारच्या गल्लीतले अण्णा अजून चार माग चालवतात. त्यांच्याकडून मोराची चादर आणली आणि थेट घालून पाहिली. जमत नाही. चादरीचं सूत जाड, पीळ सैल, ती इपॉक्सी इतकं पिते की एका स्कीला पाव किलो वजन वाढतं. भिजल्यावर सुती कापड अर्धपारदर्शक होऊन काळपट पडतं, पांढरा मोर राखाडी दिसतो. सुताच्या पिळात अडकलेली हवा नंतर बुडबुडे होऊन वर येते. आणि ताण्याला लावलेली खळ : ती इपॉक्सीला धाग्यात शिरूच देत नाही.

अण्णांना काचेचा थर, दाब, सगळं दाखवलं. ते गप्प बसून बोटांनी कापड चोळत राहिले. मग म्हणाले, "तुला चादर नको, चादरीचं चित्र पाहिजे. सूत बारीक घेऊ." बारीक काउंटचा ताणा-बाणा, नक्षी तीच, पण एका थराची आणि स्कीच्या रुंदीला मावेल एवढी अरुंद. पत्ते नव्यानं मारावे लागले. जॅकार्डचे पत्ते, म्हणजे भोकं पाडलेले पुठ्ठे. कुठलं सूत वर उचलायचं ते भोक सांगतं. सोलापुरात आता बरेच माग इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर गेले आहेत, अण्णांचे नाहीत. पत्ते मारणारा माणूस शोधायलाच वेळ गेला. तो म्हणाला, दोन मीटर कापडासाठी पत्ते मारायला सांगणारी तुम्ही पहिलीच.

कापड विणून आल्यावर खळ काढली : गरम पाण्यात सोडा घालून उकळलं, खळखळून धुतलं, उन्हात नाही तर सावलीत वाळवलं. रंग पक्का, व्हॅट जातीचा घेतला होता, कारण दुसऱ्या एका रंगाचं लाल हार्डनर लागताच पसरून गुलाबी होत होतं. कापडाखाली पांढऱ्या रंगद्रव्याचं इपॉक्सी, मग कापड, मग पारदर्शक थर. मोर पांढरा राहिला. बुडबुडे रबरी रोलरनं मधून कडेला ढकलायचे, घाई करायची नाही.

एक राहिलं : उंचावर ऊन तिखट, इपॉक्सी पिवळं पडतं. वरून गाडीला मारतात तो क्लिअर कोट मारायचा. आमच्या ओळखीचे एक दुचाकी रंगवणारे आहेत, त्यांच्या बूथमध्ये स्की टांगल्या तेव्हा बाहेर गर्दी जमली होती. एकानं विचारलं, "हे पाण्यावरचं का बे?" दादा म्हणाला, "हो, गोठलेल्या."

अण्णांचा दर आमच्या अंदाजाच्या तिप्पट आहे आणि मला तो कमी वाटतो.

२३ ऑक्टोबर

खंडेनवमी. प्रेस, बँडसॉ, थिकनेसर, कॉम्प्रेसर धुऊन पुसून हार घातले. बाबा असताना मागांना घालायचे तसेच. पहिल्या तयार जोडीलाही कुंकू लावलं. दुपारी अण्णा येऊन प्रेसपाशी नारळ फोडून गेले. हप्ता भरला. खात्यात फार काही उरलं नाही.

१८ नोव्हेंबर

दिवाळी संपली, एक जुनी शंका सोडवायची होती. आम्ही स्की २७ अंशांवर बनवतो, वापर उणे दहावर. पॉलिएथिलीनचा बेस थंडीत पोलाद आणि काचेपेक्षा दहा-पंधरा पटींनी जास्त आकसतो. तिथे गेल्यावर आकार काय होतो? गुलमर्गला पाठवून विचारायचं म्हणजे उशीर.

होटगी रस्त्यावर आइस्क्रीमचा घाऊक साठा करणारे एक ओळखीचे आहेत, त्यांची खोली उणे १८ वर असते. मॅंगो कुल्फीच्या क्रेटवर दोन जोड्या रात्रभर ठेवल्या. सकाळी स्वेटर नसलेले आम्ही दोघं आत, दात वाजतायत, हातात ट्रू बार, म्हणजे अगदी सरळ पोलादी पट्टी, आणि टॉर्च. पट्टी बेसवर आडवी धरून मागून उजेड टाकला की फट दिसते. शेडमध्ये फट नव्हती. इथे मधे बारीक उजेड, म्हणजे बेस खोलगट झाला होता. कमान, म्हणजे स्की जमिनीवर ठेवल्यावर मधे राहणारी पोकळी, चारावरून सहा मिलिमीटर झाली होती.

कमान वाढली तर चालतं, पुढच्या जोड्यांना साचाच थोडा कमी कमानीचा करू. खोलगट बेस मात्र चालत नाही. एज रुळासारख्या उंच राहतात, स्की स्वतःच्या मर्जीनं सरळ धावते आणि वळवायला गेलं की अडकते. बेस शेवटी घासून सपाट करतातच. पण कुठल्या तापमानाला घासला हे महत्त्वाचं निघालं. ४० अंशांत सपाट केलेला बेस बर्फात सपाट नसतो. म्हणून बेसची घासाई आता डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, सोलापूर पंधरापर्यंत उतरतं तेव्हा. थंडीत थोडा खोलगटपणा राहील, पण चालण्याइतका.

म्हणजे दाबकाम उन्हाळ्यात आणि घासाई ऐन हंगामात. नेमकं तेव्हाच सगळ्यांना माल पाहिजे असतो.

९ डिसेंबर

पंधरा जोड्यांची मागणी. सात गुलमर्गच्या दोन भाड्याच्या दुकानांकडून, पाच प्रशिक्षक आणि गाइडांच्या, तीन औलीकडच्या. सगळ्या रुंद कमरेच्या, म्हणजे मधे १०५ मिलिमीटरच्या वर, टोकं उचललेली, खोल भुसभुशीत बर्फासाठी. गुलमर्गच्या गोंडोलाच्या (केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्यानं जवळजवळ चार हजार मीटरवर जाता येतं आणि तिथून खाली येणारे उतार आखलेले नसतात. भाड्याला मिळणाऱ्या बऱ्याच स्की जुन्या, अरुंद, युरोपातून वापरून आलेल्या. आमची जागा तिथे आहे, असं निदान कागदावर.

आगाऊ तीस टक्के. एका जोडीला माल एकोणीस हजारांचा जातो, त्यात सर्वात मोठा वाटा बेस आणि एजचा. मजुरी, वीज, घासाईचे पट्टे, कर्जाचं व्याज धरलं की चौतीसच्या पुढे. विकतो अठ्ठेचाळीसला, बाइंडिंग सोडून. दुकानदार म्हणतो, याच पैशांत वापरलेल्या तीन जोड्या येतात. तो चूक बोलत नाही. वापरलेल्या स्की बनवणाऱ्यानं आधीच कोणाकडून तरी पूर्ण किंमत वसूल केलेली असते.

मामा संध्याकाळी पाचनंतर थांबत नाहीत. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी नंदीध्वजाचा सराव सुरू झाला आहे. ते ध्वज पेलणाऱ्यांपैकी आहेत, आणि तिथे हंगाम वगैरे काही चालत नाही.

२३ डिसेंबर

पाठवणी. जोडीचं वजन साडेचार किलो. कुरिअर वजन बघत नाही, खोकं बघतं : १९० गुणिले २५ गुणिले १५ सेंटिमीटर, भागिले पाच हजार, म्हणजे सव्वाचौदा किलोचं भाडं. शिवाय लांबी जास्त म्हणून वेगळा आकार. खोकी लहान करून पाहिली, टोकं वाकलेली असतात, फार दाबता येत नाहीत. शेवटी दोन-दोन जोड्या एकमेकींत उलटसुलट बसवून एका खोक्यात.

गुलमर्गच्या सात दादा स्वतः घेऊन निघाला. पुण्याहून झेलम, जम्मूपर्यंत. पुढे रस्ता, रामबनला दरड नसेल तर.

११ जानेवारी २०२४

दादाचा फोन. गुलमर्ग तपकिरी आहे. जानेवारीच्या मध्यावर गवत दिसतंय. पश्चिमी झंझावात येतात आणि कोरडेच निघून जातात. बुकिंग रद्द होत आहेत. ज्या दुकानांनी सात जोड्या मागवल्या होत्या त्यांनी तीन घेतल्या, चार "बर्फ पडला की बघू". प्रशिक्षकांचं तर शिकवणंच बंद, त्यांच्याकडे उरलेले सत्तर टक्के मागायचे कुठल्या तोंडानं? सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यात पैसे द्यायला जास्तीत जास्त ४५ दिवस आहेत. बर्फाला तो कायदा लागू नाही.

इथे ऐन गड्ड्याची यात्रा तोंडावर. आठवडाभर शेडला कुलूप. तसंही घासायला काही उरलेलं नाही.

४ फेब्रुवारी

जानेवारीच्या शेवटी बर्फ सुरू झाला आणि आता चांगला पडतोय. दोन जोड्या विकल्या गेल्या. महामार्ग बंद-चालू.

पण पर्यटक आले ते सगळे एकदम, आणि बर्फाचा थर खाली बसलेला नाही. जिथे नेहमी दीड-दोन मीटर जुना बर्फ असतो तिथे यंदा पातळ थराखाली थेट दगड. दादा म्हणतो, रोज संध्याकाळी दुकानांत फाटलेल्या बेसच्या स्की परत येतात. आमच्याच नाहीत, सगळ्यांच्याच.

२० फेब्रुवारी

गुलमर्गच्या पायथ्याला, टंगमर्गला दादानं एक खोली घेतली आहे आणि मी इथून एजचे तुकडे, बेसच्या पट्ट्या आणि इपॉक्सी पाठवते आहे. विक्री नाही, दुरुस्ती. दगडानं बेस कोअरपर्यंत फाडला असेल तर तेवढा चौकोन कापून काढायचा, आत ओल गेली असेल तर आधी वाळवायची, नाहीतर लाकूड फुगतं. मग तशाच बेसचा तुकडा, चिकटणाऱ्या बाजूला ज्योत फिरवलेला (पॉलिएथिलीनला असं केल्याशिवाय कुठलाच गोंद धरत नाही), बसवून आवळायचा. एज तुटली असेल तर तुटका भाग कापून त्याच मापाचा नवा तुकडा, इपॉक्सी आणि बारीक स्क्रूंनी.

आणि इथे इपॉक्सीनं दुसरं तोंड दाखवलं. खोलीत पाच अंश. जो हार्डनर एप्रिलमध्ये आमच्या हातात धुमसत होता तो आता दिवस उलटला तरी वाळेना. दादा कंटाळून म्हणाला, तुझा माल खराब आहे. सावकाश हार्डनर इकडे राहू दे, तुला झटपट पाठवते, एवढंच त्याला सांगितलं. तोवर बुखारीपासून (खोली तापवायच्या शेगडीपासून) हातभर अंतरावर, वर ब्लँकेट, अशा स्की झोपवल्या आहेत. बुखारीला चिकटवल्या तर कमान जाते.

उद्यापासून गुलमर्गला खेलो इंडियाचे हिवाळी सामने, २५ पर्यंत. खेळाडूंच्या स्की आमच्या नाहीत आणि व्हायच्याही नाहीत, रेसिंगची स्की हे वेगळंच शास्त्र आहे. पण एजला धार लावून मागणारे, वॅक्स (बेसवर लावायचं मेण) मागणारे बरेच येत आहेत. बेसकडून एक अंश, बाजूनं दोन अंश, एवढी धार हातानं लावायला दादा पटाईत. वॅक्स साधं हायड्रोकार्बनचंच. फ्लोरीनवालं स्कीच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं याच हंगामापासून बंद केलं आहे, त्यामुळे महागड्या डब्या नसल्याचं आम्हाला वाईट वाटत नाही.

१७ मार्च

हंगामाचा हिशेब. पंधरातल्या आठ जोड्यांचे पूर्ण पैसे आले. दोघांचे हप्त्यानं येतील. पाच शेडमध्ये आणि टंगमर्गच्या खोलीत मिळून. विक्रीतून बँकेचे हप्ते निघाले, अण्णांचे पैसे निघाले, माझा पगार निघाला नाही. दुरुस्तीच्या खोलीनं तीन आठवड्यांत जे दिलं त्यातून पुढच्या एजच्या आगाऊ रकमेचा मोठा भाग उभा राहिला. एकेका कामाचे पैसे रोखीनं, तिथल्या तिथे. कोणी "बर्फ पडला की बघू" म्हणत नाही, कारण त्याची स्की मोडलेली असते.

दादाला हे आवडलेलं नाही. त्याला स्की बनवायच्या होत्या, दुसऱ्यांच्या स्कीला ठिगळं लावायची नव्हती. आमचं यावरून फोनवर बरंच वाजलं. मी म्हटलं, ठिगळं लावताना तू जगातल्या सगळ्या कारखान्यांच्या स्की आतून बघतोयस, फुकट. फाटलेल्या स्कीच्या कोअरमध्ये कुठे किती थर, एजवर रबर आहे की नाही, सगळं त्यानंच मला फोटो काढून पाठवलं होतं. त्यावर तो गप्प बसला, पटलं म्हणून की रेंज गेली म्हणून, कोण जाणे.

ठरलं ते असं. नव्या जोड्या आठच करायच्या, त्याही मागणी हातात असेल तर. उरलेल्या पाच विकायच्या नाहीत, दुकानांत भाड्यानं ठेवायच्या, दिवसाच्या भाड्यात आमचा वाटा. दुकानदाराचे पैसे अडकत नाहीत आणि गिऱ्हाइकाच्या पायात मोर दिसतो. अण्णा मोराबरोबर एक साधी चौकटीची नक्षी करून देणार आहेत, तिचे पत्ते कमी लागतात. एजची मागणी गेल्या वर्षापेक्षा जास्त, कारण दुरुस्तीला त्याच लागतात. टंगमर्गची खोली १५ डिसेंबरपासून पूर्ण हंगामासाठी.

खोलीत दुसरा माणूस लागेल. मामांना विचारलं, कारण बेसचा तुकडा त्यांच्यासारखा कोणी बसवत नाही. बर्फ त्यांनी पाहिलेला नाही, त्यापेक्षा तिथे भाकरी मिळते का, याचीच चिंता जास्त. शेंगाची चटणी आणि कडक भाकरीचा डबा सोबत द्यायचं कबूल केलं. मग म्हणाले येतो, पण संक्रांतीच्या आधी सोलापुरात सोडायचं, नंदीध्वज दुसऱ्याच्या खांद्यावर जाणार नाही. म्हणजे ऐन गर्दीत दहा-बारा दिवस दादा परत एकटा. मान्य केलं. झेलमचं परतीचं आरक्षण उघडलं की पहिलं तिकीट मामांचं काढायचं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे.